सुशी, कुपा आणि साडेतेरा सेंटिमीटर

आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा तिला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, पोर्टलंडला समुद्र नाही, तो गाडीने दीड तास लांब आहे. दुसरी, तिची नात मासे खात नाही.

पहिल्या गोष्टीचं तिला फारसं काही वाटलं नाही. दुसरीचं वाटलं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने दादाला मासे आणायला लावले आणि रत्नागिरीहून पुडीत बांधून आणलेली तिरफळं घालून तिखलं केलं. तेरा वर्षांच्या भाचीने ताटात वरणभात वाढून घेतला आणि म्हणाली, "आजी, सॉरी. मी मासे सोडलेत. समुद्रातले मासे संपत चाललेत." आई "बरं" म्हणाली. त्या रात्री घरात डिशवॉशर असूनही ती बराच वेळ भांडी घासत उभी होती.

आमच्याकडे मासे सोडतो तो माळकरी होतो. श्रावणात सगळेच सोडतात, पण तो सुटीचा करार असतो. नारळी पौर्णिमा झाली, श्रावण संपला की घर पुन्हा मूळ पदावर येतं. माळ न घालता, देवाचं नाव न घेता, फक्त समुद्राची काळजी वाटते म्हणून कोणी मासे सोडतं, हे आईच्या कोष्टकात बसत नव्हतं. आणि नातीला हाताने काटे काढून मासा भरवायचा, यापलीकडे प्रेम करायची दुसरी रीत तिला फारशी येतही नव्हती.

तोडगा दादाने काढला. शहरात 'सस्टेनेबल सुशी' मिळते. तिथे समुद्राला परवडतील तेवढेच मासे वाढतात. तिथे जाऊ, म्हणजे दोघींचंही राहील. मराठीत याला 'शाश्वत सुशी' म्हणावं लागेल असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "शाश्वत एक देव. मासा कसला शाश्वत?" तरी ती आली. आणि भाचीही आली.

पोर्टलंड या बाबतीत नावाजलेलं शहर आहे. अमेरिकेतलं पहिलं प्रमाणित शाश्वत सुशी रेस्टॉरंट म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'बांबू सुशी' इथेच २००८ साली सुरू झालं. आम्ही गेलो ते त्याच धर्तीचं, पण लहानसं होतं. मेनूकार्डावर प्रत्येक माशापुढे तो कुठल्या पाण्यातला आणि कसा पकडला ते लिहिलं होतं. दादा मोठ्याने वाचत होता आणि आईचा चेहरा हळूहळू खुलत होता. कुठला, कधीचा, गळाचा की जाळ्याचा, हेच प्रश्न तर ती पन्नास वर्षं कोळणीला विचारत आली आहे. इथे न विचारता उत्तरं मिळत होती.

मग तिने बांगडा विचारला. जपानी लोक बांगड्याच्या कुळातला 'साबा' मीठ आणि व्हिनेगर लावून सुशीवर घालतात, हे दादाने तिला सांगून ठेवलं होतं. वाढणारी मुलगी म्हणाली की साबा सध्या आम्ही ठेवत नाही. आई माझ्याकडे वळून तिच्या माहेरच्या मालवणीत म्हणाली, "बांगडो पण नाय?" बांगडा हा तिच्या हिशेबात मासाच नव्हे, तो डाळतांदूळ. तो संपू कसा शकतो?

यात भाचीने आपला प्रश्न टाकला. "इथे ईल नाही, ब्लूफिन नाही, साबा नाही. मग ही खरी सुशी कशी? जपानमध्ये तर हे सगळं असतंच ना?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुढचे काही महिने मी ते शोधत राहिले. सापडलं ते असं.

*

सुशीचा जन्म ताज्या माशात झालेला नाही. उरलेला मासा टिकवायच्या धडपडीत झाला. अभ्यासकांच्या मते ही युक्ती मूळची आग्नेय आशियातल्या भातशेतीची, मेकाँगच्या खोऱ्याच्या आसपासची. पावसाळ्यात खाचरांत आणि कालव्यांत एकदम मासे येत. एवढे खायचे कसे? मग ते साफ करून मीठ लावायचं आणि शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचे. भात आंबायचा, आंबटपणामुळे मासा महिनोन्महिने टिकायचा. खाताना मासा घ्यायचा आणि भात टाकून द्यायचा. आमच्याकडे सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा ज्या गरजेतून आले त्याच गरजेतून सुशी आली. आपल्याकडे ऊन होतं, त्यांच्याकडे भात.

ही पद्धत जपानमध्ये पोचली ती भातशेतीच्या वाटेने. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यांत, कर म्हणून भरायच्या जिनसांमध्ये सुशीचा उल्लेख येतो. म्हणजे त्या काळी सुशीने सारा भरता येत असे. तिचं सर्वांत जुनं रूप आजही बिवा सरोवराच्या काठी टिकून आहे. त्याला फुनाझुशी म्हणतात. निगोरोबुना नावाचा गोड्या पाण्यातला मासा वसंतात धरतात, खारवतात, मग भातात घालून वर्षभर किंवा त्याहूनही जास्त मुरवतात. सर्वांत मानाची फुनाझुशी कोणती? पोटात गाबोळी असलेल्या मादीची. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मग! गाबोळीची चव दुसऱ्या कशाला येत नाही."

पण जुनं ते सगळं निर्दोष, असं समजून इथे थांबता येत नाही. सरोवराच्या काठची बोरूची बेटं घटली, बाहेरून आणून सोडलेले ब्लॅक बास आणि ब्लूगिल पिल्लं फस्त करू लागले, आणि निगोरोबुना दुर्मीळ झाला. गरिबीतून जन्मलेला पदार्थ आज महागडी चैन आहे.

पुढच्या काही शतकांत माणसांचा धीर कमी होत गेला. वर्षभर थांबण्याऐवजी काही आठवड्यांतच मासा काढायचा आणि आंबूस भातासकट खायचा, अशी रीत पडली. मग आंबवणंच वगळून भातात सरळ व्हिनेगर घालायला सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो, म्हणजे आजचं टोकियो, हे घाईतल्या माणसांचं शहर झालं होतं. तिथे गाड्यांवर व्हिनेगरच्या भाताचा मुटका करून त्यावर माशाची चकती ठेवून द्यायचा प्रकार सुरू झाला. तीच आजची निगिरी. तिचं श्रेय बहुधा हानाया योहेई या सुशीवाल्याला देतात. भाताला लागणारं स्वस्त व्हिनेगर साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून बनत असे. टाकाऊतून टिकाऊ करायची खोड सुशीला तेव्हाही होती.

निगिरी हे थोडक्यात त्या शहराचं वडापावच होतं. रस्त्यात उभ्याने खायची, आजच्यापेक्षा दोनतीन पट मोठी, आणि मासे समोरच्या खाडीतले. म्हणून तिचं नाव 'एदोमाए', म्हणजे 'एदोच्या पुढ्यातलं'. बर्फ नव्हता, म्हणून मासा कच्चा क्वचितच असे. मीठ आणि व्हिनेगर लावलेला, सोया सॉसमध्ये मुरवलेला किंवा उकडलेला असे.

आणि ट्यूना? ट्यूना हा हलका मासा समजला जायचा. एखाद्या हंगामात तो इतका येई की विकला जाईना, म्हणून सोया सॉसमध्ये बुडवून सुशीवर आला. त्यातही लाल मांस खायचे. पोटाचा चरबीदार भाग, ज्याला आज 'तोरो' म्हणून सोन्याचा भाव आहे, तो लवकर नासतो म्हणून टाकून द्यायचे. अशा माशाला जपानीत एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'मांजरही ओलांडून जाईल असा'. मला आमचा कुपा आठवला. कुपा त्याच ट्यूनाच्या घराण्यातला, पण आमच्या बाजारात त्याला कधी मान नव्हता. पाहुणे आले की सुरमई, पाहुणे गेले की कुपा.

*

मग टोकियोची सुशी अख्ख्या जपानची कशी झाली? दोन संकटांमुळे. १९२३च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले सुशीवाले आपापल्या गावी परतले आणि जाताना हातातली कला घेऊन गेले. दुसरं संकट युद्धानंतरच्या टंचाईचं. १९४७ साली सरकारने खाणावळी बंद केल्या. तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी पळवाट काढली. आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या तांदळाची फक्त सुशी करून देतो. एक 'गो', म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम तांदूळ द्यायचा आणि दहा नग सुशी घेऊन जायची. ही सवलत देशभर मिळाली ती टोकियोच्या पद्धतीला. आज आपण ज्या आकाराची सुशी 'अस्सल' म्हणून खातो, तो आकार बराचसा त्या रेशनच्या हिशेबातून आला आहे.

इथपर्यंत एक गोष्ट बदलली नव्हती. आधी पाणी, मग मेनू. पुढ्यातल्या खाडीने जे दिलं त्याला कसं सांभाळायचं, यावर सुशीवाल्याचं कसब ठरे. ती साखळी १९६०च्या दशकात तुटली. टोकियोच्या खाडीत भराव पडत होते, कारखान्यांचं पाणी मिसळत होतं. १९६२ साली टोकियोच्या मच्छीमारांनी नुकसानभरपाई घेऊन आपले मासेमारीचे हक्क सोडले. 'एदोच्या पुढ्यातलं' हे नाव राहिलं, पुढ्यातला समुद्र गेला.

हे वाचताना मला पोर्टलंडच आठवलं. शहराच्या पूर्वेला कोलंबिया नदीवर सेलिलो नावाचा धबधबा होता. हजारो वर्षं तिथले मूळनिवासी लाकडी फळ्यांच्या मचाणांवर उभं राहून नदी चढून येणारे सामन जाळ्यांनी टिपायचे. १० मार्च १९५७ रोजी डॅलस धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. भरपाई तिथेही मिळाली होती. पॅसिफिकच्या दोन काठांवर पाच वर्षांच्या अंतराने, आपल्या पाण्याचा मासा आपल्या हाताने पकडणारी माणसं बाजूला झाली. त्याच सुमारास, १९५८ साली, ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. सुशी स्वस्त झाली, घराघरांतली मुलं खाऊ लागली. त्या पट्ट्यावर सतत मासा हवा होता. तो आता येणार कुठून?

विमानातून. १९७०च्या सुमारास जपानहून अमेरिकेत माल भरभरून जायचा आणि विमानं बऱ्याचदा रिकामी परतायची. जपान एअरलाइन्सचे अकिरा ओकाझाकी परतीच्या प्रवासासाठी माल शोधत होते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी लोक शेकडो किलोंचे ब्लूफिन ट्यूना गळाने धरायचे, फोटो काढायचे आणि मासा पुरून टाकायचे. ऑगस्ट १९७२मध्ये तिथले ब्लूफिन टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला आले. तोवर जपानी जिभेला गोमांसाची आणि चरबीची चव लागली होती, घरोघरी फ्रिज आले होते. मांजर ओलांडून जाईल असा तोरो आता जगातला सर्वांत महाग घास झाला. २०१९च्या नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोच्या एका ब्लूफिनला ३३ कोटी येनहून जास्त बोली लागली.

सामनची गोष्टही तशीच. आज सुशी म्हटलं की डोळ्यांपुढे नारिंगी सामन येतो. (आईने तो पाहून "हा रावस का?" असं विचारलं होतं. रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात खरं, पण दोघांचं काही नातं नाही.) मात्र पारंपरिक सुशीत कच्चा सामन नव्हताच. पॅसिफिकच्या सामनमध्ये जंत असतात, म्हणून जपानी लोक तो खारवून, भाजून खात. १९८०च्या दशकात नॉर्वेमध्ये मत्स्यशेतीतला सामन उदंड झाला आणि नॉर्वेच्या सरकारने जपानमध्ये रीतसर मोहीम चालवून तो सुशीवर बसवला. ॲव्होकॅडोची कॅलिफोर्निया माकी अमेरिकेतली की कॅनडातली, यावर तर अजून भांडण आहे.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की 'खरी सुशी' नावाची यादी कधीच नव्हती. तोरो वगळला तर परंपरा मोडत नाही, कारण परंपरेने त्याला बहुतेक काळ वगळलंच होतं. मोडली ती दुसरीच गोष्ट. आधी पाणी आणि मग मेनू हा क्रम उलटा झाला. मेनू आधी ठरला, आणि तो भरून काढायचं काम जगभरच्या समुद्रांवर पडलं.

*

त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. अटलांटिकच्या ट्यूनाचा हिशेब ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयकॅट. २००७ सालासाठी तिच्या शास्त्रज्ञांचा सल्ला होता की पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात ब्लूफिन १५,००० टनांच्या आसपासच धरावा. सदस्य देशांनी मर्यादा ठरवली २९,५०० टन. २०१० साली दोहाच्या परिषदेत मोनॅकोने ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी मागितली. बाजूने २० मतं पडली, विरोधात ६८. भाची मोठ्यांवर चिडते ती अशा गोष्टींसाठी, आणि तिचं चुकत नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. बंदी फेटाळली गेली तरी लाज आणि दबाव वाढला होता. मर्यादा शास्त्रज्ञांच्या आकड्यांखाली आली, चोरटी मासेमारी पकडली जाऊ लागली. २०११ साली आंतरराष्ट्रीय यादीत 'धोक्यात' असलेला अटलांटिक ब्लूफिन २०२१ साली 'फारशी चिंता नसलेल्या' गटात आला. पश्चिम अटलांटिकमधला साठा अजून जुन्या पातळीच्या खूप खाली आहे, तरी दिशा बदलली. मासे संपतात हे खरं, आणि थांबलं तर परततात हेही खरं.

शाश्वत सुशी निघाली ती याच सगळ्यातून. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने १९९९मध्ये पाकिटात मावेल असं कार्ड काढलं. हिरव्या रंगात खावेत असे मासे, पिवळ्यात जपून, लालमध्ये टाळावेत असे. २००८ साली खास सुशीसाठी कार्ड निघालं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत 'ताताकी' आणि पोर्टलंडला 'बांबू सुशी' अशी दुकानं निघाली, ज्यांनी लाल यादी मेनूतूनच काढून टाकली. न्यू हेवनच्या 'मियाज'मध्ये बन लाई यांनी आणखी पुढे जाऊन, परक्या पाण्यात घुसून उच्छाद मांडणाऱ्या जिवांचीच सुशी करून पाहिली.

या व्यवस्थेतही त्रुटी आहेत. प्रमाणपत्राला पैसा लागतो. मोठ्या कंपनीला तो जड नाही, चार होड्यांच्या गावाला जड आहे. आणि समुद्र सरहद्द पाळत नाही. आईचा हुकलेला साबा याचंच उदाहरण. ईशान्य अटलांटिकच्या मॅकरेलला शाश्वततेचं प्रमाणपत्र होतं. पाणी तापलं तसा मासा सरकला, कोणी किती धरायचा यावर युरोपातल्या देशांचं एकमत होईना, प्रत्येकाने आपापला वाटा वाढवून घेतला आणि २०१९ साली प्रमाणपत्र स्थगित झालं. ब्लूफिन श्रीमंतांच्या हावेने संकटात आला होता. बांगड्याचा भाऊ नुसत्या भांडणाने आला.

*

त्या संध्याकाळी शेवटी आमच्या टेबलावर आला तो ओरेगनच्या किनाऱ्यावरचा अल्बाकोर. ट्यूनाच, पण लहान, आणि गळाने एकेक करून धरलेला. "म्हणजे कुपाच की," आई म्हणाली. तिने एक नग काट्याने उचलला, थोडा वास घेतला, खाल्ला. मग म्हणाली, "ताजा आहे. मीठ कमी आहे."

भाची तिच्याकडे बघत होती. "आजी, तुमच्या वेळी समुद्रात जास्त मासे होते ना? तुम्ही जपून खायचा ना?"

मला वाटलं, आई आता श्रावणाचं सांगेल, नारळी पौर्णिमेचं सांगेल, पावसाळ्यात होड्या कशा किनाऱ्याला ओढून ठेवत ते सांगेल. तिने तेही सांगितलं. पण मग म्हणाली, "जपून वगैरे काही नाही गं. समुद्र खवळलेला असायचा म्हणून जायचे नाहीत. आणि पापलेट महाग झालं तेव्हा आम्ही बारकी पापलेटं घ्यायला लागलो. एवढीएवढीशी. स्वस्त मिळायची. ती पिल्लं होती हे कळत होतं मला." तिने बोटांनी माप दाखवलं. "तुझ्या बाबाला तीच आवडायची. काटे मऊ असतात."

दादा गप्प झाला. भाचीने बराच वेळ काही विचारलं नाही. मग आजीच्या बशीतला अल्बाकोरचा अर्धा नग उचलून तिने तोंडात टाकला आणि "ओके" म्हणाली. ती मासे खायला लागली असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरणभातच होता. पण आईने त्या रात्री भांडी डिशवॉशरमध्ये लावली.

आपल्याकडेही नियम आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. २०२३मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारने पन्नासहून अधिक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान धरायचं नाही, विकायचं नाही.

जानेवारीत रत्नागिरीला गेले तेव्हा आईबरोबर बाजारात गेले. पाटीत बारकी पापलेटं होती. आईने पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि एक मासा मोजला. तेरालाही पोचत नव्हता. तिने तो परत ठेवला. कोळीण हसली. "काकी, तुम्ही नाही नेलात तर दुसरी नेईल. मेलेला मासा काय परत पोहत जाणार आहे?"

तिचं खोटं नव्हतं. पोर्टलंडच्या दुकानात पाटी आधी कोणीतरी निवडून ठेवलेली होती. इथे ती जाळ्याच्या आसाने ठरते आणि आसाकडे बघणारं बंदरावर कोणी असेल तरच ठरते. आईने यावर वाद घातला नाही. तिने कुप्याचा भाव विचारला, घासाघीस केली, तुकडे करून घेतले. घरी आल्यावर टेपवरचे खवले धुऊन ती दोरीवर वाळत घातली आणि भाचीला व्हिडिओ कॉल लाव म्हणाली. तिला टेप दाखवायची होती.